प्रीमियर पद्मिनी गाडीचा कार्बोरेटर परत परत ओव्हर होतोय? किट टाकायच्या आधी हे बघा

जुन्या गाडीवाल्यांना हे दुखणं, म्हणजे कार्बोरेटरमध्ये पेट्रोल जास्त भरून उतू जाणं, नवीन नाही. गाडी सुरू होते, जरा वेळानं पेट्रोलचा वास यायला लागतो, बॉनेट उघडून बघावं तर कार्बोरेटरच्या अंगावरनं ओघळ, मागनं सायलेन्सर काळा धूर सोडतोय आणि स्लोवर सोडली की गाडी गचके खाऊन बंद. मिस्त्री म्हणतो नीडल गेलीय, म्हणजे कार्बोरेटरमध्ये येणारं पेट्रोल थोपवणारी सुई. किट टाकतो, नवी नीडल, नवं पॅकिंग, गाडी एकदम झकास, आणि थोड्या दिवसांनी परत तेच. मग परत किट. त्यात कुर्ल्याच्या कारखान्यातनं पद्मिनी बाहेर पडायची बंद झाली २००० च्या सुमारास, त्यामुळं आता जी किटं मिळतात ती कुणी कुठं बनवलेली असतात आणि दर्जा कसाही असतो, म्हणजे नवीन टाकलं म्हणून चांगलंच टाकलं असं धरून चालायचं नाही.

खाली जे लिहितोय ते पद्मिनी आणि तिच्या आधीच्या फियाट ११०० ला धरून आहे, म्हणजे १०८९ सीसीचं इंजिन, इंजिनवरच बसवलेला डायफ्रामचा पंप ज्याला गॅरेजात सगळे एसी पंप म्हणतात, आणि वर सोलेक्सचा कार्बोरेटर. अँबॅसिडरवाल्यांनाही यातलं बरंचसं चालेल.

पहिलं म्हणजे जाळ लागू देऊ नका. गरम एक्झॉस्टवर पेट्रोल पडतंय आणि बाजूला डिस्ट्रिब्युटर ठिणग्या टाकतोय, ही गंमत नाही. ओघळ दिसला की इंजिन बंद, चावी काढा, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, सांडलेलं पेट्रोल सुकू द्या आणि मगच पाना हातात घ्या. आत बघायला टॉर्च वापरा, मोबाईलची चालेल, पण लायटर पेटवून बघणारे महाभाग मी आपल्या कोल्हापुरातच बघितलेत. गाडीत फायर एक्स्टिंग्विशर नसेल तर ह्या पोस्टच्या आधी तो घ्या.

वाटेतच ओव्हर होऊन बंद पडली तर चोक पूर्ण आत ढकला, ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून तसाच धरून ठेवा आणि सेल्फ मारा. पंपिंग करू नका, प्रत्येक दाबाला ॲक्सिलरेटर पंप अजून एक पिचकारी आत मारतो आणि आधीच ओले झालेले प्लग अजून भिजतात. सलग दहा सेकंदांच्या वर सेल्फ मारत बसू नका, मोटर तापते. नाही लागली तर प्लग काढून पुसा, थोडा वेळ उघडेच ठेवा, आणि परत ट्राय करा.

आता मुद्द्याचं. पाना लावायच्या आधी एकच प्रश्न स्वतःला विचारा, ओव्हर नक्की कधी होतोय? इंजिन चालू असताना, का गरम गाडी बंद केल्यावर थोड्या वेळानं, का नुसती उभी असताना? ह्या तिन्हीची कारणं वेगवेगळी आहेत आणि नीडल त्यातल्या एकाच ठिकाणी मुख्य आरोपी आहे. गॅरेजमध्ये हे कुणी विचारत नाही कारण तुम्ही गाडी टो करून आणलेली असते आणि तोपर्यंत सगळं वाळलेलं असतं.

कार्बोरेटरच्या वाटीत घरावरच्या पाण्याच्या टाकीतल्या बॉल कॉकसारखीच भानगड असते, पेट्रोल भरलं की फ्लोट वर येतो, नीडलला वर ढकलतो, नीडल सीटमध्ये बसते आणि पंपाकडनं येणारं पेट्रोल थांबतं. एवढंच. म्हणजे ओव्हर व्हायला एकतर नीडल-सीट बंद होत नाही, किंवा फ्लोट नीट वर येत नाही, किंवा मागनं दाबच इतका आहे की बिचारी नीडल थोपवू शकत नाही. आणि चौथं म्हणजे वाटीतलं पेट्रोलच उकळून उतू जातंय, ह्याच्याकडं फार जणांचं लक्ष जात नाही.

बघायचं कसं? एअर फिल्टर काढा, इंजिन स्लोवर ठेवा आणि टॉर्च मारून कार्बोरेटरच्या घशात बघा. मेन जेटचं, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक भोकाचं, जे तोंड घशाच्या मध्ये येतं, त्यातनं स्लोवर पेट्रोल ठिबकता कामा नये. ठिबकत असेल तर लेव्हल चढलीय, म्हणजे नीडल, सीट, फ्लोट किंवा पंपाचा दाब. स्लोवर कोरडं ठणठणीत आहे पण गाडी चांगली तापवून बंद केली आणि चार-पाच मिनिटांनी त्याच तोंडातनं थेंब पडायला लागले, तर ते उकळतंय. ह्या एका बघण्यानं निम्मं काम होतं.

उभ्या गाडीचं जरा वेगळं सांगतो कारण इथं लोक हमखास चुकीच्या जागी शोधतात. स्कूटरची किंवा बुलेटची टाकी कार्बोरेटरच्या वर असते, त्यामुळं तिथं नीडल गेली की उभ्या गाडीतनं रात्रभर गळतं. पद्मिनीची टाकी मागं डिकीकडं आहे, तिथनं पेट्रोल पुढं आणायचं काम पंपाचं. इंजिन बंद म्हणजे पंप बंद, मग सपाट जागेवर उभ्या गाडीत तासन्‌तास गळणार कुठनं? तरीही गळत असेल तर एक तर गाडी उतारावर नाक खाली करून उभी आहे, नाहीतर टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक बुजलंय. उन्हात टाकी तापली की आतली हवा आणि वाफ फुगते, बाहेर पडायला जागा नाही, मग ती पेट्रोललाच लाईनमधनं पुढं ढकलते आणि पंपातल्या झडपा त्याच दिशेला उघडणाऱ्या असल्यामुळं पंप तिला अडवत नाही. दुपारच्या उन्हातनं आल्यावर टाकीचं झाकण फिरवून बघा, जोरात फुस्स झालं तर रोग सापडला. झाकण साफ करा, बारीक तारेनं भोक मोकळं करा, फुकटात काम. हेच भोक बुजलेलं असलं की चालत्या गाडीत उलटं होतं, टाकीत व्हॅक्यूम तयार होतो आणि लांब गेल्यावर गाडी पेट्रोलविना मरते, म्हणजे कधी ओव्हर कधी उपाशी असा तमाशा, आणि मिस्त्री डोकं खाजवत बसतो.

आता नीडल आणि सीट. इथं मी राजारामपुरीतल्या एका काकांच्या गाडीचं सांगतो कारण त्यात सगळं शहाणपण आलं. काकांची गाडी एका गॅरेजमध्ये जाऊन जाऊन दमली होती, दर वेळी नवी नीडल. मला म्हणाले, "बाळा, एवढं बघ रं जरा, नाहीतर भंगारात घालतो आता." वरचं कव्हर काढलं, उलटं केलं, नीडल खरंच नवी होती, भिंगातनं बघितली तर टोकाच्या उतारावर रिंगही उमटलेली नव्हती. जुन्या झिजलेल्या नीडलवर गोल चकचकीत खाच दिसते, ती नखाला लागते, तशी काहीच नव्हती. मग सीटला पाना लावला तर ती हातानंच फिरली. सैल! आणि तिच्याखालचा वॉशर एका बाजूनं चिरलेला. म्हणजे पेट्रोल नीडलमधनं येतच नव्हतं, सीटच्या आट्यांतनं बाजूनं झिरपत होतं आणि नीडल बिचारी आपलं भोक इमानदारीत बंद करून बसली होती. नवा वॉशर, सीट नीट आवळली, काम संपलं. काकांनी चहा पाजला आणि वर मिस्त्रीला अस्सल कोल्हापुरी शिव्या.

त्यामुळं नीडल बदलताना सीटही बदला, दोन्ही जोडीनंच येतात, आणि वॉशर दर वेळी नवा. पण वॉशर कुठलाही नको. ह्या सोलेक्समध्ये पेट्रोलची लेव्हल ह्या वॉशरच्या जाडीवर ठरते, वॉशर जाड टाकला की सीट खाली येते, फ्लोट नीडलला लवकर बंद करतो आणि लेव्हल उतरते, पातळ टाकला की लेव्हल चढते. दुकानदार मूठभर वॉशर काढून देतो त्यातला हाताला येईल तो टाकला तर गाडी एकतर ओव्हर होणार नाहीतर चढाला दम टाकणार. जुना वॉशर व्हर्नियरनं, म्हणजे बारीक जाडी मोजायच्या पट्टीनं, मोजा आणि त्याच जाडीचा टाका. आपल्या कोल्हापूरच्या उद्यमनगरात व्हर्नियर प्रत्येक दुसऱ्या शेडमध्ये असतो, कुणीही मोजून देईल.

नीडल बसते का बघायची सोपी ट्रिक म्हणजे कव्हर उलटं धरा म्हणजे नीडल स्वतःच्या वजनानं सीटवर बसेल, बोटानं अगदी हलकं दाबा, पेट्रोल येतं त्या नळीला स्वच्छ रबरी पाईप लावा आणि तोंडानं फुंका. हवा अजिबात गेली नाही पाहिजे. गेली तर नीडल-सीट नाहीतर वॉशर. कॉम्प्रेसरची हवा ह्या टेस्टला लावू नका, त्या दाबाला चांगली नीडलही सोडते आणि तुम्ही उगाच नवी आणायला धावाल. आणि हो, नीडलला व्हॉल्व्ह ग्राइंडिंग पेस्ट लावून लॅप करणारे, म्हणजे सीटवर घासून बसवणारे लोक आहेत, मी तरी करत नाही, पेस्टचा कण आत राहिला की पुढं जेट बुजलं म्हणून समजा.

फ्लोट पितळेचा असेल तर कानाजवळ नेऊन हलवा. आत पेट्रोल डुचमळतंय असं वाटलं तर बारीक भोक आहे, फ्लोट जड झालाय आणि पुरता वर येत नाही. भोक शोधायला पाणी गरम करा, गॅस बंद करा, भांडं बाहेर अंगणात आणा आणि मग फ्लोट त्यात बुडवा, जिथनं बुडबुडे येतील तिथं भोक. आत पेट्रोल आहे हे विसरून स्वयंपाकघरात पेटत्या गॅसशेजारी हा प्रयोग करू नका. आतलं सगळं पेट्रोल निघून सुकल्याशिवाय सोल्डर तर लावूच नका, आणि लावलं तरी जरासंच, कारण गोळा लावला की फ्लोट परत जड आणि लेव्हल परत वर. एम-सीलनं थापलेले फ्लोट मी बघितलेत, ते काही दिवस चालतात आणि मग पेट्रोलमध्ये सुटून वाटीत भुसा करून ठेवतात. जमलं तर नवाच घ्या. फ्लोटच्या अंगावर एका बाजूला घासल्याची चमक दिसली तर तो वाटीला घासून अडकतोय, त्याची पट्टी आणि पिन बघा.

पण मंडळी, हे सगळं नीट असूनही परत परत ओव्हर होत असेल तर बहुतेक वेळा दोष कचऱ्याचा असतो, आणि किट टाकली की काही दिवस बरं वाटतं ते नव्या नीडलमुळं नाही, तर कार्बोरेटर खोलला म्हणून साफ झाला म्हणून. गंजाचा एक कण नीडल आणि सीटच्या मध्ये बसला की संपलं. गाडी चालवताना तोच कण कधी निघूनही जातो, म्हणून गॅरेजला नेईपर्यंत गाडी शहाण्यासारखी वागते.

आपल्याकडं पावसाळ्यात जुन्या गाड्या चार-चार महिने शेडमध्ये उभ्या असतात, टाकी अर्धी रिकामी, हवेत ओल, आतनं गंज धरतो. त्यात आता ई-२० पेट्रोल. २०२५ पासून देशभर पंपांवर हेच मिळतंय, म्हणजे त्यात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल. इथेनॉल आपल्याच जिल्ह्यातल्या उसाचं असेल, त्याबद्दल अभिमान वगैरे ठीक आहे, पण ही गाडी बनली तेव्हा पेट्रोलमध्ये हा प्रकार नव्हता. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं, ओल जास्त झाली की पाणी आणि इथेनॉल एकत्र होऊन टाकीच्या तळाला बसतं आणि तिथं गंजाला मेजवानी. शिवाय टाकीच्या भिंतीवर वर्षानुवर्षं बसलेला चिकट थर ते सोडवतं आणि सगळा गाळ पुढं पाठवतं. आणि जुना रबरी पाईप आतनं मऊ होतो, त्याचे काळे पापुद्रे सुटतात. वाटी उघडल्यावर तळाला लालसर पावडर असेल तर टाकी, काळे बारीक तुकडे असतील तर पाईप, आणि पाण्याचा गोल थेंब लोळत असेल तर ते काय हे सांगायला नको.

तपासायला पंपाकडं जाणारा पाईप काढून थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत घ्या आणि रात्रभर ठेवा, सकाळी तळ बघा. घाण असेल तर टाकी उतरवून साफ करणं हाच उपाय, कार्बोरेटर कितीही धुवा. टाकी धुतली की सगळे पाईप बदला, इथेनॉलला टिकणारे इंधनाचे पाईप मागून घ्या, पाण्याचा किंवा हवेचा पाईप खपवून घेऊ नका. पाईप करवतीनं कापू नका, रबराचा भुसा आत राहतो आणि तोच जाऊन नीडलवर बसतो, धारदार ब्लेडनं एका घावात कापा. फिल्टर पंपाच्या आधी बसवा, एक्झॉस्टपासून लांब. प्लॅस्टिकचा पारदर्शक फिल्टर एक्झॉस्टच्या डोक्यावर लटकवणं म्हणजे आ बैल मुझे मार.

पंपाचं थोडक्यात. ह्या गाडीला दाब लागतो साधारण अडीच ते चार पीएसआयच्या (पीएसआय म्हणजे दाब मोजायचं एकक) आतबाहेर. नवा बसवलेला एसी पंप कडक स्प्रिंगचा असेल तर जास्त दाब देतो आणि चांगली नीडलही उचलून धरतो. पंप आणि ब्लॉकमधलं जाड पॅकिंग काढून कुणी पातळ टाकलं असेल तर पंपाचा स्ट्रोक वाढतो, तेही बघा. लाईनमध्ये टी-जॉइंट लावून दाबाचं गेज जोडलं की दोन मिनिटांत कळतं. पंप बदलला आणि त्याच आठवड्यात ओव्हर सुरू झालं असेल तर नीडलकडं बघूसुद्धा नका. इलेक्ट्रिक पंप लावलेल्यांनी प्रेशर रेग्युलेटर लावलाच पाहिजे, नाहीतर चावी ऑन केली की इंजिन चालू नसतानाही तो भरतच राहतो.

आता उकळण्याचं. एप्रिल-मेच्या उन्हात पन्हाळ्याचा चढ चढायचा, वर गाडी लावून झुणका-भाकर खायची, अर्ध्या तासात परत आलं की गाडी लागत नाही आणि पेट्रोलचा घमघमाट. इंजिन बंद झालं की पंखा आणि हवा थांबते, खालची सगळी उष्णता वर कार्बोरेटरला लागते आणि वाटीतलं पेट्रोल उकळून घशात सांडतं. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल गरमीत वाफ व्हायला जरा जास्तच उतावीळ असतं. इथं किट टाकून काडीचा उपयोग नाही. कार्बोरेटरखाली बेकेलाईटचा जाड स्पेसर असतो तो आहे का बघा, कारण बऱ्याच गाड्यांत तो तुटलेला असतो आणि त्याजागी नुसतं कागदी पॅकिंग. पेट्रोलची लाईन इंजिनला चिकटून जात असेल तर लांब घ्या. ॲल्युमिनियमच्या पत्र्याची आडवी ढाल उद्यमनगरात कुणीही कापून वाकवून देतो, एक्झॉस्ट आणि कार्बोरेटरच्या मध्ये बसवा, फरक जाणवतो. थांबल्यावर बॉनेट थोडा वेळ उघडं ठेवायचं. दसऱ्याला कोल्हापूरच्या छत्रपती घराण्याची जुनी मेबॅक गाडी दसरा चौकात गर्दीतनं रांगत येते, ती बघताना मला दर वेळी त्या ड्रायव्हरचं कौतुक वाटतं, जुनी गाडी हळू चालवणं हेच सगळ्यात अवघड असतं.

राहिलेलं पटापट. सोलेक्सच्या ह्या प्रकारात चोकला पाकळी नसते, बाजूला स्टार्टरची चकती फिरते, तार अडकून ती पूर्ण परत येत नसेल तर गाडी कायम श्रीमंत (रिच, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल जास्त) चालते आणि ओव्हर झाल्यासारखंच वाटतं, नॉब आत ढकलून लिव्हर खरंच शेवटपर्यंत गेला का हातानं बघा. एअर फिल्टर चोंदला असेल तरी काळा धूर. कुणी जेट पिन घालून मोठं केलंय का बघा, पिकअपसाठी हा उद्योग पूर्वी फार चालायचा. वरचं कव्हर जास्त आवळून वाकलं असेल तर पॅकिंग कितीही नवं टाका, कडेनं ओघळ येणारच, तेव्हा सरफेस प्लेटवर नाहीतर जाड काचेवर झिरो नंबरचा पॉलिश पेपर ठेवून कव्हर आठच्या आकड्यात हळूहळू घासायचं आणि स्क्रू समोरासमोरचे थोडे थोडे आवळायचे.

आणि सगळं दुरुस्त झालं, घसा कोरडा दिसला, प्लग चॉकलेटी यायला लागले म्हणून लगेच आंबोली-गगनबावड्याचा बेत करू नका. आधी ऑइलची डिपस्टिक काढा आणि वास घ्या. इतके दिवस ओव्हर झालेलं पेट्रोल सिलेंडरच्या भिंतीवरनं उतरून खाली ऑइलच्या चेंबरमध्ये गेलेलं असतं, लेव्हल खुणेच्या वर चढलेली असते आणि ऑइल बोटाला पाण्यासारखं लागतं, तसल्या ऑइलवर घाट चढवला तर बेअरिंग जातील आणि मग कार्बोरेटरचं किट स्वस्त वाटायला लागेल. ऑइल आणि फिल्टर दोन्ही बदला, आठवड्यानं परत वास घेऊन बघा, तेव्हाही पेट्रोल लागलं तर एसी पंपाचा डायफ्राम फाटलाय का बघा, कारण तो फाटला की पेट्रोल कार्बोरेटरला न जाता थेट चेंबरमध्ये उतरतं.